किल्ल्या ठेवून जाण्याचे दिवस

जून लागला की मस्कतच्या आमच्या इमारतीची लिफ्ट बॅगांनी भरते. शाळांना सुट्टी लागते, आया मुलांना घेऊन भारतात निघतात. नवऱ्यांपैकी बरेच जण थोड्या दिवसांनी त्यांच्या मागे जातात. जुलैपर्यंत मजल्यामागून मजला रिकामा होतो. कुठल्याच दारातून फोडणीचा वास येत नाही. थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर उन्हात असते. मग गीझर बंद करायचा आणि त्यात साठलेलं पाणी थंड म्हणून अंगावर घ्यायचं, ही उलटी रीत नव्या माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात शिकावी लागते. गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. रस्त्याकडेच्या खजुरांचे घड पिवळे होऊ लागतात. दुपारी उघड्यावरची कामं नियमानेच थांबतात आणि शहर डोळे मिटून पडल्यासारखं दिसतं.

जाणारी कुटुंबं घराची किल्ली मागे ठेवून जातात. बंद घराला इथे बुरशी धरते. पडदे, चपला, कपाटातल्या साड्या, सगळ्यावर हिरवट थर येतो. म्हणून कोणीतरी रोज दार उघडून थोडा वेळ एसी चालवायचा, गॅलरीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालायचं. हे काम नात्यातल्या माणसाला सांगतात तसं शेजाऱ्याला सांगितलं जातं, आणि तो नाही म्हणत नाही.

यंदा जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेल्या एका मुलीने लिफ्टमध्ये मला विचारलं, "ताई, किल्ली इथे कोणाकडे ठेवतात?" तिच्या कडेवर मूल होतं आणि हातात पासपोर्ट. तिला उत्तर दिलं. पण लिफ्टचं दार उघडेपर्यंत काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा पूर्ण आठवून झाला होता.

तेव्हा या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मोहनदादा. एका कंपनीच्या गोदामाचे प्रमुख, पन्नाशीच्या आसपासचे, मूळ सिंधुदुर्गाकडचे. गणपतीची मूर्ती विमानतळावरून सोडवून आणायची असो की कोणाचं बाळंतपण, गाडी त्यांची असे. दरवर्षी अर्ध्या इमारतीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत. एका मोठ्या पितळी कडीत त्या ओवलेल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी, पट्टीवर आडनाव. चालताना ती कडी त्यांच्या कमरेला वाजे. आवाज आला की मुलं म्हणत, दादा आले.

त्या उन्हाळ्यात मागे राहिलेल्या आम्ही काही बायकांनी स्वसंरक्षणाचा एक वर्ग सुरू केला. घरी सांगितलं, योगा आहे. कोणी फार चौकशी केली नाही. शिकवणाऱ्या होत्या जुलेखाआपा. त्या श्रीवर्धनकडच्या, भारतीय शाळेत खेळाच्या शिक्षिका. नवऱ्याचं निझवा शहराच्या बाजारात दुकान, तो शुक्रवारी येणार. शाळेत असताना त्या कबड्डीत जिल्ह्यापर्यंत खेळल्या होत्या. रायगडात ही गोष्ट विशेष नाही, तिथे गल्लीगल्लीत कबड्डी आहे. विशेष हे, की सुती सलवार-कमीज आणि डोक्याला घट्ट ओढणी अशा वेषात त्या चाळिशी उलटल्यावरही गादीवर आडव्या होत आणि हात न टेकता उठत.

जागा होती शेजारच्या इमारतीतला एक रिकामा दिवाणखाना. त्या घराची किल्ली आपांकडे होती. एसी तसाही चालवायचाच होता.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या पर्स गालिच्यावर उपड्या करायला लावल्या. "बघू तरी, कोण काय लपवून घेऊन हिंडतंय." सेफ्टी पिना निघाल्या, नखं कापायची कात्री निघाली, केसांचा एक लोखंडी आकडा निघाला. बँकेत काम करणाऱ्या कुलकर्णीवहिनींनी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटलीत मिरचीपूड भरून आणली होती. मिरचीचा फवारा त्यांनी मागच्या खेपेला मुंबईहून आणला होता, तो विमानतळावर काढून घेतला गेला. म्हणून ही घरगुती सोय.

"झकास," आपा म्हणाल्या. "मी दारातून येते. तुम्ही बाटली काढा आणि मारा."

वहिनींनी चेन उघडली, रुमाल बाहेर काढला, बँकेचं कार्ड बाहेर काढलं, बाटली सापडली, झाकण फिरवलं. तोपर्यंत आपा त्यांच्या समोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. "काढा, काढा, मला घाई नाय." वहिनींनी चिडून बाटली झटकली. त्या एसीच्या समोर तोंड करून उभ्या होत्या. पूड आपांपर्यंत गेलीच नाही, झोताने ती उलटी फिरून आम्हा सगळ्यांवर आली. पुढचा बराच वेळ वर्गात फक्त शिंका होत्या. कुलकर्णीवहिनी नाक पुसत म्हणाल्या, "संकेश्वरी आहे. रंगाला चांगली, तिखटाला बेताची, असं दुकानदार म्हणाला होता."

"त्याला आणा इथे," आपा म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "लपवलेली वस्तू काढायला वेळ लागतो. तो वेळ समोरचा देत नाय. उद्यापासून रिकाम्या हाताने यायचं."

रिकाम्या हाताने शिकण्यातही अडचणी निघाल्या, आणि त्या आमच्याच होत्या. आपांना ढकललं, त्या गादीवर पडल्या, की ढकलणारी म्हणे, "सॉरी, लागलं का हो?" आणि वाकून त्यांना हात देई. "अगो, मी चोर आहे, चोराला उठवतेस कशाला?" असं त्यांनी किती वेळा ओरडून सांगितलं. हात पुढे व्हायचा तो व्हायचाच. पाहुण्याला, वडीलधाऱ्याला, पडलेल्याला सावरण्याची सवय मनगटात इतकी मुरलेली होती, की ती आधी काढावी लागली. मारायचं शिकणं नंतर आलं.

दुसरी अडचण कबड्डीची. आमच्यापैकी बहुतेकींनी शाळेत कबड्डी खेळलेली होती. आपांनी मनगट धरलं की प्रत्येक जण आपोआप श्वास कोंडून घेई आणि तोंड मिटून धडपडे. चिंचेच्या झाडाखालच्या मैदानावर शिकलेला दम तिथे बाहेर येत होता. आपा थांबल्या. "तिथे श्वास घेतला की बाद. इथे उलटं. इथे आवाज बंद झाला की बाद. हात सोडवायचा तो समोरच्याच्या अंगठ्याकडून, त्याची पकड तिथे उघडी असते. आणि सोडवताना ओरडायचं. पोटातून."

"ओरडायचं काय?" एकीने विचारलं. इथे मराठीत वाचवा म्हटलं तर कोणाला कळणार? हिंदीत, अरबीत, की इंग्रजीत? त्यावर भरपूर चर्चा झाली.

"नाव घ्या," आपा म्हणाल्या. "ओळखीचा असेल तर त्याचं नाव, आडनावासकट. त्याला सगळ्यात जास्त नावाची भीती."

तेव्हा शुभांगीने मान वर केली. तोवर ती वर्गात सर्वात कमी बोलणारी होती. चिपळूणजवळच्या गावची, खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासणारी. आमच्याच इमारतीत पाटील कुटुंबाच्या घरातली एक खोली तिने भाड्याने घेतली होती. इथे एकट्या बाईला खोली मिळणं कठीण. कुटुंबात मिळाली तर तिचं नशीब म्हणतात. पाटील कुटुंब जूनमध्ये साताऱ्याला गेलं होतं आणि जाताना जादा किल्ली मोहनदादांकडे ठेवली होती. घरात माणूस राहत असतानाही ठेवली. अडीअडचणीला असावी म्हणून.

शुभांगी म्हणाली, "आणि तो किल्लीने दार उघडून येत असेल तर?"

 तिनेच पुढे सांगितलं. दवाखाना दुपारी बंद होतो आणि संध्याकाळी पुन्हा उघडतो, म्हणून मधला वेळ ती घरी झोपते. दादा त्या वेळी येतात. एकदा एसीचं पाणी गळतंय का बघायला. एकदा फणसाचे गरे द्यायला. बेल वाजवत नाहीत. दाराला आतून कडी नाही, फक्त कुलूप. ती झोपेतून उठून बाहेर येते तर ते सोफ्यावर बसलेले. "तू झोप, मी बसलोय," असं म्हणतात.

तिने पाटीलसाहेबांना फोन केला होता. ते म्हणाले, "अगं, दादा आहेत ते. मुलीसारखी समजतात तुला. मनाला लावून घेऊ नकोस." कडी बसवू का विचारलं, तर भाड्याच्या घराला भोकं पाडायची नाहीत, असं उत्तर आलं. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, सोड नोकरी आणि ये परत, स्थळ बघून ठेवलंय. "परत गेले की संपलं," ती आम्हाला म्हणाली. "इथे माझ्या सहीशिवाय एक रिपोर्ट बाहेर जात नाही. तिथे मला घरच्या बारशाची तारीखही विचारून ठरवत नाहीत." जास्त बोलली तर खोली जाणार होती, आणि या हंगामात दुसरी मिळाली नाही तर परतीचं तिकीट. गप्प बसली तर दुपारी सोफ्यावर दादा.

ओमान तसा सुरक्षित देश आहे. इथे बायका एकट्या गाडी चालवतात, सूर शहराच्या किनाऱ्यापर्यंत एकट्या जाऊन येतात, आणि रस्त्यात कोणी वाकडं पाहिलं असं फारसं ऐकू येत नाही. वर्गाची थट्टा करणारे हेच म्हणत, इथे कशाला हे शिकता? आमच्यापैकी कित्येकींनाही तसंच वाटत होतं. आमच्या डोक्यातला चोर अनोळखी होता, त्याला चेहरा नव्हता. त्या दिवशी त्याला पितळी कडी मिळाली.

पुढचे सगळे वर्ग दाराचे झाले. दारात कसं उभं राहायचं, पाय कुठे अडवायचा, छातीवर तळहात कसा मारायचा. आत येणाऱ्याला आत घेऊन झुंजायचं नाही, उंबऱ्याबाहेर काढायचं आणि दार लावायचं. आपा चोर होत आणि बाहेरून गोड आवाजात म्हणत, "अगो पोरी, मी काय परका हाय?" पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. नंतर कोणी हसेना. वाक्य तेच, पण ते ऐकलं की शुभांगीचे खांदे कानांपर्यंत चढत. आपा म्हणत, "यल्ला, चला परत." खांदे खाली येईपर्यंत परत.

एका दुपारी जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. शुभांगीने सांगितलं तसं लिहिते आहे.

ती जेवून ताट घासत होती. कुलपात किल्ली फिरली. ती हात ओले तसेच घेऊन दाराकडे गेली. दादा आत पाऊल टाकत होते. किल्ली अजून कुलपातच होती, सगळा जुडगा तिला लटकत होता. ती म्हणाली, "दादा, बाहेर थांबा." ते हसले. "घाबरतेस काय? मी काय परका आहे?" आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

तिने अंगठ्याकडून हात ओढला. सुटला. हात ओला होता, त्याचाही उपयोग झाला असेल, असं तिने स्वतःच सांगितलं. मग तळहात त्यांच्या छातीवर मारला. ते दाराबाहेर गेले, समोरच्या भिंतीला टेकले. आणि तिने त्यांचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, आणि म्हणाली, बाहेर. पुन्हा नाव, पुन्हा बाहेर. जिन्यात आवाज घुमत राहिला. एकही दार उघडलं नाही. सगळी माणसं कोकणात, साताऱ्यात, पुण्यात होती. पण दादांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि लिफ्टची वाट न पाहता जिन्याने उतरले.

जुडगा कुलपातच राहिला. शुभांगीने तो काढून आत घेतला आणि दार लावलं.

संध्याकाळी तिचं मनगट मी पाहिलं. चार बोटं उमटली होती. आपांनी विचारलं, "पोलिसात जायचं? मी येते, आत्ता." शुभांगी म्हणाली, "लागलं तर जाईन. आधी बघते, किल्ल्या मागायला कोण येतं."

इथल्या मराठी मंडळाच्या एका ज्येष्ठांचा फोन आला. स्पीकर चालू होता, आम्ही समोर बसलो होतो. "बेटा, काहीतरी गैरसमज झालाय. किल्ल्या लोकांच्या आहेत. त्या मोहनला देऊन टाक. वाढवलंस तर नाव तुझंच खराब होईल."

"काका, त्यांना किल्ल्या हव्या असतील तर त्यांनी पोलीस स्टेशनला यावं," शुभांगी म्हणाली. "मी तिथे आणून देते. सगळ्यांसमोर."

"असं टोकाचं बोलू नये, बेटा."

"मग नको येऊ देत."

मोहनदादा पोलीस स्टेशनला आले नाहीत. शुभांगीकडेही आले नाहीत.

आता अर्ध्या इमारतीची घरं तिच्या हातात होती. तिने चिकटपट्ट्यांवरची आडनावं वाचली आणि एकेका वहिनीला फोन लावला. वाक्य प्रत्येक वेळी तेच होतं. दादा न विचारता किल्लीने दार उघडून आत आले आणि त्यांनी माझा हात धरला. म्हणून तुमची किल्ली माझ्याकडे आहे. तुमचं घर मी बघते. किल्ली मी तुमच्या हातात देईन, दुसऱ्या कोणाच्या नाही. ऐकणारी रडली तरी ते वाक्य वाढलं नाही, ऐकणारी रागावली तरी कमी झालं नाही. मी मुलांना बातमी लिहायला शिकवते, तेव्हा जे समजावायला महिने जातात, ते इथे कोणी न सांगता होत होतं.

उत्तरं निरनिराळी आली. एकीने विचारलं, "नक्की धरला? की लागला?" एकीने फोन ठेवून दिला. एक जण फक्त म्हणाली, "माझ्या मोगऱ्याला पाणी घाल हो." थोड्या वेळाने तिचाच मेसेज आला, की काहीही झालं तरी माझी किल्ली त्यांना देऊ नकोस.

मग सकाळी कामाला जाण्याआधी आम्ही वाटून घेऊन रिकाम्या घरांतून फिरलो. एसी लावायचा, खिडक्या बघायच्या, कुंड्यांना पाणी. परक्या घरात एकटं उभं राहिलं की त्या घराची झोप ऐकू येते. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा, फ्रिजवर गेल्या परीक्षेचं वेळापत्रक, देव्हाऱ्यात रुमालाने झाकलेले देव. कुलकर्णीवहिनी एका घरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं हा माणूस या सगळ्या खोल्यांतून एकटा फिरला. आणि आपण त्याला दिवाळीचा फराळ पोचवत होतो." त्यांनी ते दार ओढून घेतलं आणि दोनदा हलवून पाहिलं.

त्या उन्हाळ्याला वास आहे तो कोंदट पडद्यांचा आणि ओल्या मातीचा. दमट हवेत गादीला येणाऱ्या घामट वासाचा. भीतीचाही असावा, पण तो वेगळा काढता येत नाही. वर्ग चालू राहिला. दारातून ओरडण्याचा आमचा सराव चालू असताना शेजारच्या इजिप्शियन बाईने एकदा बेल वाजवली. काय चाललंय ते कळल्यावर ती दारात उभी राहून म्हणाली, आणखी मोठ्याने. तिला मराठी येत नव्हतं.

आज मोहनदादा मस्कतमध्येच आहेत. ते मंडळात येतात, मागच्या रांगेत बसतात. कोणी त्यांना काढलं नाही आणि कोणी त्यांच्याकडे काही सोपवत नाही. याला न्याय म्हणता येणार नाही. काही घरांत अजूनही शुभांगीचं नाव निघालं की, तीच जरा तिखट आहे, असं म्हणतात. हेही नोंदवायला हवं.

ऑगस्टच्या शेवटी माणसं परतू लागली. आपल्याच घराच्या किल्लीसाठी बायका पाटलांच्या दाराशी येऊन बेल वाजवत. काही उंबऱ्यातूनच किल्ली घेऊन गेल्या. काही आत आल्या, पाणी प्यायल्या, आणि निघताना शुभांगीच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. पाटील कुटुंब यायचं होतं त्या सकाळी तिने जुलेखाआपांना आणि मला बोलावून घेतलं. तिची बॅग भरलेली होती. "काढलंच तर रडत कपडे गोळा करायचे नाहीत," ती म्हणाली.

पाटीलसाहेब आत आले तेच कपाळाला आठी घालून. बॅगा ठेवल्या, आमच्याकडे पाहिलं, बसले नाहीत. "शुभांगी, जे झालं ते झालं. मला त्यात पडायचं नाही. पण आम्हाला या लोकांत राहायचंय. तू महिन्याभरात दुसरी जागा बघ."

शुभांगी म्हणाली, "जागा सोडायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. पण कारण तुमच्या तोंडून सांगा. मी काय केलं?"

"काय केलं म्हणजे... बोभाटा केलास."

"ओरडले मी. रिकाम्या जिन्यात."

"मग तेच म्हणतोय ना."

पाटीलवहिनी तोवर दारातच उभ्या होत्या. प्रवासाने चेहरा सुजलेला, खांद्यावर झोपलेला मुलगा. त्यांनी मुलाला सोफ्यावर ठेवलं. मग नवऱ्याकडे न बघता, मुलाच्या बुटाची नाडी सोडत म्हणाल्या, "याच्या वेळी मी उन्हाळ्यात गेले नव्हते. सातवा महिना होता. तुम्ही दिवसभर ऑफिसला, आणि जादा किल्ली तेव्हाही दादांकडे."

"त्याचं आता काय?"

"दुपारी झोपताना मी शिवणयंत्र ओढून दाराला लावायचे. रोज. पोटात दुखायचं ओढताना."

आपांनी माझा हात धरला होता, तो घट्ट झाला.

"मला सांगायचं होतंस," पाटीलसाहेब म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दादा आहेत ते." वहिनींनी दुसरा बूट काढला. मग उठल्या, शुभांगीच्या खोलीत गेल्या, आणि तिची भरलेली बॅग घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी दिवाणखान्याच्या मधोमध आडवी ठेवली, चेन उघडली आणि वरचे कपडे काढून शुभांगीच्या हातात दिले.

"कपाटात लाव परत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही, जा, कडी घेऊन या. भोकं मी पाडते."